तोडते कुठे, खुडते

श्रोतेहो, नमस्कार.

आज जास्वंदीबद्दल बोलणार आहे. कुंडी कशी भरायची, पाणी कधी घालायचं हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात गणपती आहे त्या घरात एखादी तरी जास्वंद असतेच, मग ती रंगाच्या डब्यात का असेना. मी बोलणार आहे ते जास्वंदी जमवण्याबद्दल. कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं, मी गेली तीस वर्षं जास्वंदी जमवते आहे. पुण्यात कर्वेनगरला आमची घर धरून तीन गुंठे जागा, आणि तेवढ्यात आजच्या घडीला 41 प्रकार उभे आहेत. घरचे म्हणतात, आता आपण गच्चीवर राहायला जाऊ या.

माझ्याकडच्या जातींना मी इंग्रजी नावं ठेवत नाही. जिथून आली ते तिचं नाव. ‘महाड स्टँड’ म्हणजे एस.टी. दहा मिनिटं थांबली असताना कँटीनमागून आणलेली पिवळी. ‘लेडी डॉक्टर’ ही दवाखान्याच्या कुंपणावरची गुलाबी गोंड्याची. आणि ‘नणंद’ ही नणंदेकडून आली म्हणून नणंद, दुसरा काही अर्थ काढू नये.

भेंडी, अंबाडी, कापूस या सगळ्या तिच्या बहिणी. भेंडीचं फूल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पटेल. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली हिचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’. पण गंमत अशी की ही आपली बागेतली जास्वंद रानात आपणहून वाढलेली कुठेच सापडलेली नाही. जिथे आहे तिथे माणसाने लावलेली आहे. मलेशियाने तर 1960 साली तिला राष्ट्रीय फूल केलं. आपण मात्र तिला दूर्वांच्या जुडीबरोबर पुडीत बांधून विकतो.

जाता जाता एक सांगून टाकते. हल्ली हॉटेलात ‘हिबिस्कस टी’ म्हणून लाल पाणी देतात, ते आपल्या जास्वंदीचं नसतं. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. अंबाडीची भाजी केली की नाक मुरडणारी मंडळी तोच आंबट रस काचेच्या कपात घालून दिला की डोळे मिटून पितात. असो. चहावरून आठवलं, मागच्या भाषणानंतर एका श्रोत्यांनी कॅमेलिया हे फुलझाड पुण्यात येईल का असं विचारलं होतं. तुम्ही आत्ता जो चहा घेत असाल तो कॅमेलियाचाच पाला आहे बरं का. तिच्या फुलांच्या बहिणींना थंड हवा आणि आम्लधर्मी माती लागते, आणि आपल्याकडचा एप्रिल तिला सोसत नाही. दार्जिलिंगला जाल तेव्हा बघा आणि तिथेच ठेवून या.

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या जुन्या जास्वंदींना बहुतेक वेळा बी धरतच नाही. म्हणजे त्या पुढे जातात त्या फांदीने. आणि फांदीपासून झालेलं रोप हे त्या झाडाचं मूल नव्हे, ते तेच झाड असतं. पुन्हा सांगते: फांदी लावली की मूल होत नाही, तेच झाड दुसऱ्या जागी उभं राहतं. हे लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती सगळी याच्यावरच आहे.

माझं माहेर वाईचं. घराच्या मागच्या अंगाला आड, आणि आडाच्या कठड्याला लागून एक जास्वंद. एकेरी, पाच पाकळ्यांची. रंग लाल नाही, केशरीही नाही. पावसात भिजलेली जुनी वीट बघितली आहे ना, तो रंग. आणि मधोमध, जिथून केसरांचा दांडा निघतो तिथे, चांगली रंगलेली मेंदी असावी तसा गडद डाग. 1996 साली ते घर विकलं. मी निघताना एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. पुढे तिथे इमारत झाली, आड बुजला, त्याबरोबर ती जास्वंदही गेली. राहिली ती माझ्या फाटकाशी, मोठ्या सिमेंटच्या कुंडीत. तिचं नाव अर्थातच ‘वाईवाली’.

फाटकाशी ठेवली ही माझी चूक. तिच्या निम्म्या फांद्या रस्त्यावर, आणि सकाळी बघावं तर एक फूल शिल्लक नाही. हे दुःख पुण्यात बाग असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी पाटी लावली, ‘फुले तोडू नयेत’. काही फरक पडला नाही. मग एके दिवशी पहाटे पाच वाजताच अंधारात पायरीवर बसून राहिले.

सव्वापाचला आल्या. पंचाहत्तरीच्या एक आजी, नऊवारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि चक्क छत्री. एप्रिल महिना, आभाळात ढग नाही. आजींनी छत्री उलटी धरली, मुठीची आकडी फांदीत अडकवली, फांदी खाली ओढली आणि टपटप कळ्या पिशवीत. उमललेल्या नव्हे, टपोऱ्या कळ्या. सातला पूजेला बसेपर्यंत ताटात उमलतात हे त्यांना पक्कं ठाऊक. जास्वंदीचं फूल पाण्यात ठेवा नाहीतर ताटात ठेवा, त्याला फरक पडत नाही. ते दिवसभर फुललेलं राहतं आणि संध्याकाळी मिटतं.

छत्रीबद्दल मात्र एक बोलू द्या. आकडीची लांब छत्री हे किती कामाचं अवजार होतं! आंबा पाडा, कुत्रं हाकला, रिक्षा थांबवा. आताच्या त्या घडीच्या छत्र्या वाऱ्यात उलट्या होतात, आणि त्यांनी साधी कळीसुद्धा निघायची नाही.

तर मी पुढे झाले. म्हटलं, “आजी, पाटी दिसत नाही का? फुले तोडू नयेत म्हणून लिहिलंय.” आजी अजिबात दचकल्या नाहीत. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तोडते कुठे गं? खुडते.”

यावर काय बोलणार? तरी म्हटलं, निदान विचारून न्यावं. तर म्हणाल्या, “देवाची फुलं, तुला काय विचारायचं? तुझ्या नावाने वाहते हवं तर.” आणि गेल्या. रोज येत राहिल्या. मी आतून खिडकीतून बघायची आणि चरफडायची. एकदा पाऊस पडून गेल्यावर फांदी काडकन मोडल्याचा आवाजही आला. बाहेर येऊन पाहते तो कुणी नाही, आणि जाड बोटाएवढी फांदी गायब. त्या दिवशी मी जे बोलले ते रेडिओवर सांगण्याजोगं नाही.

पुढची गोष्ट माझ्या हावरटपणाची. त्या हिवाळ्यात मला एका प्रदर्शनात वाईवाली मांडायची होती. फुलं मोठी व्हावीत म्हणून मी कुंडीत मूठभर युरिया टाकला. मूठभर! कुंडीतल्या झाडाला! चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी पानं गळाली. भरपूर पाणी घालून खत धुऊन काढायचा प्रयत्न केला, फांद्या कापल्या, कटिंग लावली, पण करपलेल्या झाडाच्या फांद्या रुजत नाहीत. महिन्याभरात खोडाला नखाने ओरखडून पाहिलं तर आत हिरवं काही उरलं नव्हतं. वाईला आड बुजलेला, इथे कुंडी रिकामी.

आजी आल्या सव्वापाचला. मी दूध घ्यायला बाहेरच होते. त्यांनी कुंडीत बघितलं. “विटकरी कुठे गेली गं?” मी म्हटलं, “गेली.” त्या काही तरी बोलायला गेल्या, बोलल्या नाहीत, आणि छत्री टेकत निघून गेल्या. त्यानंतर फाटकाशी दिसल्याच नाहीत.

दोन वर्षं गेली. एका संकष्टीला गल्लीतल्या गणपतीच्या देवळात गेले. रांगेत उभी, आणि समोर मूर्तीच्या मस्तकावर भिजलेल्या विटेच्या रंगाचं फूल, मध्ये मेंदीचा डाग. माझ्या हातातला नारळ खाली पडायचा राहिला. पुजाऱ्यांना विचारलं, हे फूल कुणाचं? म्हणाले, “त्या छत्रीवाल्या आजी आणून देतात.”

पत्ता विचारत गेले. जुनी चाळ, दुसरा मजला, हातभर रुंद गॅलरी. तिथे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात वाईवाली उभी होती, माझ्यापेक्षा उंच. सात फुलं तर मीच मोजली. आजी दारात आल्या, मला ओळखलं आणि पहिल्यांदाच जरा चाचरल्या. म्हणाल्या, “तुझीच आहे. ओढताना फांदी मोडली. मोडलेली टाकवेना, म्हणून डब्यात खोचली.”

मी म्हटलं, “आजी, कुंडी रिकामी बघितलीत तेव्हा सांगायचं ना!”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फुलं देवाची होती, त्याचं काही वाटलं नाही. फांदी मी माझ्यासाठी नेली होती. ते कसं सांगणार?”

मी विचारलं, खत काय घालता? “खत कुठलं? तांदूळ धुतलेलं पाणी ओतते.” माझ्याकडे तेव्हा चार प्रकारची खतं होती, बरण्यांवर चिठ्ठ्या लावून.

मी पर्समधून कात्री काढेपर्यंत आजींनी हातानेच तीन फांद्या मोडून दिल्या. दोन कुजल्या, एक रुजली. आता सांगा, ती नवी वाईवाली आहे का? मघाशी सांगितलं तेच पुन्हा: फांदी म्हणजे मूल नव्हे. आडाच्या कठड्याला होती तीच ही.

तेव्हापासून माझा नेम आहे. प्रत्येक जातीची निदान दोन रोपं दुसऱ्यांच्या घरी असली पाहिजेत. ‘दुर्मिळ जात, फक्त माझ्याकडेच’ म्हणून मिरवणारे संग्राहक मला भेटतात. त्यांना मी विचारते, तुमच्याकडे युरिया आहे का?

वेळ फार उरलेला नाही, तर कटिंगचं पटकन सांगते. जून-जुलै, पाऊस स्थिरावला की. फांदी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फार कोवळी नको, फार जून नको. खालचा छेद तिरका, गाठीच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. जाड वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सावलीत, ओल हवी पण चिखल नको. पुन्हा एकदा: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तिरका छेद. दीड-दोन महिने उपटून बघू नका. मुळं आली का म्हणून रोज बघणाऱ्याला मुळं येत नाहीत. मोठ्या फुलांचे नवे संकर असतात ते कटिंगने हट्ट करतात. त्यांचं गावठी लाल जास्वंदीवर पाचर कलम करतात, म्हणजे त्यांची फांदी पाचरीसारखी तासून तिच्या चिरलेल्या खोडात बसवतात, तेही याच दिवसांत.

नर्सरीतली ती फूटभर उंचीची, ताटाएवढ्या फुलांची रोपं घेताना मात्र जपून. त्यातली बरीचशी वाढ रोखणारी औषधं देऊन बुटकी ठेवलेली असतात. औषधाचा असर संपला की झाड आपल्या उंचीला जातं. मग नर्सरीवाल्याने फसवलं म्हणू नका, झाडाला दोष तर मुळीच देऊ नका.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीला घाबरू नका. कळ्या गळत असतील तर आधी पाण्याची वेळ बघा. एक दिवस कोरडं आणि एक दिवस तळं, असं झालं की कळी गळते.

आणि पिठ्या ढेकूण. शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो. लोक त्याला बुरशी म्हणतात, पण तो किडा आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारा, साबणाच्या पाण्याने पुसा, आणि खोडावरून चढणाऱ्या मुंग्या थांबवा, कारण त्याची राखण मुंग्याच करतात. एक मात्र बघून मारा. पिठ्या खाणारा क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा आहे, त्याची अळीसुद्धा अशीच पांढरी, झुबकेदार असते. पण ती अंगाने मोठी असते आणि भराभर चालते. चालणारा कापूस दिसला तर हात आवरा.

आजी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. गॅलरीतली वाईवाली आहेच, पण दुसरे रंग लागतात म्हणून त्या पुन्हा आमच्याकडे यायला लागल्या. पाटी मी काढलेली नाही. ‘फुले तोडू नयेत’ याच्या खाली तैलरंगाने एक ओळ वाढवली आहे: ‘खुडायची असल्यास सहानंतर.’ आजी सव्वापाचलाच येतात.

नमस्कार.