स्कूटरचे इंजिन ऑइल का फेकते?

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालेली गृहिणी, वाळपईहून साखळीच्या शाळेत जाणारे शिक्षक, चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरणारा नोकरदार, किनाऱ्यावर पर्यटकांना गाड्या भाड्याने देणारा तरुण, या सर्वांचा दिवस स्कूटरवर अवलंबून असतो. अशा गाडीखाली सकाळी अंगणात काळा डाग दिसला किंवा मागच्या रिमवर ऑइलचे ओघळ आले, की माणूस गॅरेज गाठतो आणि बहुतेक वेळा एखादे सील किंवा गॅस्केट बदलून घरी परततो. पंधरा दिवसांत ऑइल पुन्हा येऊ लागते, तेव्हा दुसरे सील बदलले जाते. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. ऑइल कुठून येते एवढेच पाहिले जाते आणि ते का येते हे पाहिले जात नाही, हे याचे कारण आहे. आज मला त्या ‘का’विषयी बोलायचे आहे.

ऑइल बाहेर येण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात ऑइल झिरपते. एखादे गॅस्केट कडक झालेले असते, ड्रेन बोल्टचा वॉशर चेपलेला असतो, आणि तिथून थेंब थेंब ऑइल उतरते. दुसऱ्या प्रकारात इंजिन ऑइल फेकते. इथे सील चांगले असले तरी आतल्या हवेचा दाब ऑइलला बाहेर ढकलत असतो. पहिल्या प्रकाराला नवे गॅस्केट पुरते. दुसऱ्या प्रकारात नवे सील बसवणे म्हणजे उकळत्या भांड्याचे झाकण दाबून धरण्यासारखे आहे. एका बाजूने बंद केले तर दुसऱ्या बाजूने येणारच.

हा दाब येतो कुठून? आपल्या स्कूटरला एकच सिलिंडर असतो. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालच्या पोकळीतली, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्यातली हवा दाबली जाते आणि पिस्टन वर गेला की ती पुन्हा पसरते. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर हे दर सेकंदाला सहासष्ट वेळा घडते. शिवाय पेट्रोल जळताना तयार झालेला थोडा वायू पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरतोच. नव्या कोऱ्या इंजिनातही तो अगदी शून्य नसतो. या सगळ्याला वाट मिळावी म्हणून इंजिनाला ब्रीदर दिलेला असतो. आजच्या स्कूटरमध्ये हा पाइप एअर फिल्टरच्या डब्यात जातो, म्हणजे तो वायू हवेत न सोडता पुन्हा इंजिनातच जळून जातो. चेंबरमधला वायू वाढला किंवा ब्रीदरची वाट अडली, की दाब चढतो आणि जिथे जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर पडते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी धुवावी. इंजिनाच्या खालच्या बाजूला धूळ आणि ऑइल यांचा जो थर साचतो, विशेषतः डिचोली आणि सांगे भागातल्या तांबड्या मातीचा, त्यात खरी जागा कधीच दिसत नाही. इंजिन थंड असताना ब्रश आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन बाहेरचा भाग स्वच्छ करावा आणि कोरडा पुसावा. ते काळे रॉकेल डब्यात गोळा करावे, व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. मग संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणावी. पांढऱ्या पावडरीत ऑइलची पहिली ओली रेघ जिथे उमटते, ती उगमाची जागा. वाऱ्याने ऑइल मागे आणि गुरुत्वाने खाली जाते, त्यामुळे सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधावा. मागच्या चाकाशी दिसणारे ऑइल पुष्कळदा पुढून, वॉल्व्हवरच्या झाकणापासून, म्हणजे टॅपेट कव्हरपासून आलेले असते.

यानंतर ऑइलची पातळी पाहावी. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते, तरी तिचीच सर्वाधिक आबाळ होते. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर घेतलेली पातळी कधीच खरी नसते. इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करावे, ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटे द्यावीत, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढून पुसावी आणि पुन्हा घालावी. बहुतेक स्कूटरमध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते; काही कंपन्यांची रीत वेगळी असते, ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली असते. आटे फिरवून पाहिले तर काडी अधिक खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल कमी असलेल्या इंजिनातही ते पुरेसे आहे असे वाटते, आणि ही चूक महागात पडते.

पातळी कमी असण्याची भीती सर्वांनाच असते. ती जास्त असणेही तितकेच वाईट आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वाळपईकडच्या एका शिक्षकांची गाडी माझ्या पाहण्यात आली होती. सर्व्हिसिंग करून आणल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती ऑइल फेकू लागली, पिकअप गेला आणि सायलेन्सरमधून धूर येऊ लागला. गॅरेजने रिंगा गेल्या असे सांगून इंजिन खोलण्याचा सल्ला दिला होता. डिपस्टिक काढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर होते, आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी असलेली लहान पारदर्शक नळी ऑइलने काठोकाठ भरलेली होती. बहुतेक 110 सीसी स्कूटरना ऑइल बदलताना साधारण 650 ते 800 मिली ऑइल लागते. इथे लिटरची अख्खी बाटली ओतली गेली होती. पातळी एवढी वाढली की क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, त्या ऑइलमध्ये बुडून ते घुसळतो, त्याला फेस येतो, आणि तो फेस ब्रीदरच्या वाटेने थेट एअर फिल्टरमध्ये जातो. फिल्टरचा कागद भिजला की इंजिनाला हवा पुरत नाही. जादा ऑइल काढले, डबा पुसला आणि फिल्टर बदलला, एवढ्याने त्या गाडीचे दुखणे गेले. पुष्कळ स्कूटरमधला फिल्टरचा कागद मुळातच तेलकट लेप दिलेला असतो, त्यामुळे तो हवा मारून साफ करण्याचा प्रयत्न करू नये. तो बदलायचाच असतो.

काही वेळा कोणी ऑइल न ओतताही पातळी वाढते. अशा वेळी डिपस्टिकचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल बोटांत पाण्यासारखे पातळ लागत असेल, तर कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई नीट बसत नाही, किंवा पेट्रोल कॉकचा पडदा फाटून पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात उतरते आहे, असे समजावे. असे ऑइल एक दिवसही ठेवू नये, कारण त्याचा वंगणाचा गुण गेलेला असतो. हा दोष जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 मानक लागू झाल्यानंतरच्या स्कूटर बहुतांशी फ्युएल इंजेक्शनच्या आहेत.

पावसाळ्यात आणखी एक दृश्य दिसते. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर जमतो. दिवाडी किंवा चोडणसारख्या ठिकाणी गाडी घरापासून धक्क्यापर्यंतच चालते, मग फेरीबोटीत बंद राहते आणि पलीकडे पुन्हा थोडीच चालते. इंजिन पुरते तापतच नाही, म्हणून आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्ये मिसळते. झाकणापुरता थर असेल तर एखादी लांबची फेरी मारल्यावर तो जातो. पण डिपस्टिकवरचे सगळे ऑइलच दुधाळ झाले असेल, तर पुराच्या किंवा रस्त्यावरच्या पाण्याने आत शिरकाव केला आहे. मग गाडी सुरूसुद्धा न करता ऑइल काढून टाकावे.

पातळी योग्य आहे आणि तरीही इंजिन ऑइल फेकते आहे, असे असेल तर ब्रीदरकडे यावे. पाइप कुठे दुमडला आहे का, ऑइलच्या चिकट गाळाने बुजला आहे का, हे पाहावे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या उघड्या नळ्यांमध्ये कुंभारमाशी मातीचे घर करते, तेही तपासावे. काही ठिकाणी एअर फिल्टरमध्ये ऑइल येऊ नये म्हणून ब्रीदरचा पाइप काढून खाली मोकळा सोडतात. मला हा उपाय अजिबात मान्य नाही. त्याने दोष झाकला जातो, ऑइल मागच्या टायरवर ठिबकते आणि पावसाच्या ओल्या रस्त्यावर ते जिवावर बेतू शकते.

पाइप मोकळा असेल तर त्याच पाइपवर पुढची परीक्षा होते. त्याचे फिल्टरकडचे टोक काढून त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हलकेच धरावी आणि इंजिन आयडलिंगवर चालू ठेवावे. निरोगी इंजिनात पिशवी फडफडते, आत-बाहेर होते. रिंगांतून वायू निसटत असेल तर ती भराभर फुगते, ताठ राहते आणि आत निळसर धूर व ऑइलचे बारीक तुषार दिसतात. गरम सायलेन्सरपासून हात आणि पिशवी दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पिशवी फुगली म्हणजे रिंगा गेल्याच, असे लगेच ठरवू नये. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज असलेल्या गॅरेजमध्ये जावे. प्लग काढून तिथे गेज लावतात, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारतात आणि आकडा लिहून घेतात. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडून तीच चाचणी पुन्हा घेतात. ते ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते, म्हणून आकडा ठळकपणे वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा आहे. आकडा होता तिथेच राहिला तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले आहे. हेड गॅस्केट टायमिंग चेनच्या पोकळीच्या बाजूने फुटले, तर जळणाचा दाब थेट चेंबरमध्ये उतरतो आणि रिंगा उत्तम असूनही इंजिन ऑइल फेकते. ही एक चाचणी न केल्यामुळे अनेकांनी विनाकारण पिस्टन-बोअरचा खर्च केलेला आहे.

धुरावरूनही पुष्कळ कळते. चढावर रेस दिल्यावर, उदाहरणार्थ चोर्ला घाट चढताना, निळा धूर येत राहिला तर रिंगांचा संशय घ्यावा. सकाळी सुरू करताना एक निळा लोट येऊन थांबत असेल, किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर धूर येत असेल, तर वॉल्व्हची सीले कडक झाली आहेत. ही सीले स्वस्त आहेत आणि त्यासाठी बोअरला हात लावावा लागत नाही.

आता सीलविषयी. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक सील असते. बेल्टच्या बाजूचे सील गेले तर ऑइल बेल्टच्या कव्हरमध्ये उतरते, बेल्ट घसरतो आणि रेस दिली तरी गाडी उचलत नाही. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर कूलिंग फॅन ते ऑइल गरम सिलिंडरवर उडवतो आणि जळका वास येतो. दोन्ही सीले एकाच वेळी गेलेली दिसली, किंवा बदललेले सील महिनाभरातच पुन्हा ओले झाले, तर दोष सीलचा नसून दाबाचा आहे असे मानूनच पुढे जावे. मागच्या चाकाजवळचे ऑइल वेगळे असू शकते. तिथे गिअर ऑइलची स्वतंत्र छोटी टाकी असते, आणि तिचे सील गेले तर ऑइल मागच्या ब्रेकच्या लायनरवर जाते. मागचा ब्रेक एकाएकी लागेनासा झाला आणि ड्रमपाशी ओल दिसली, तर गाडी चालवत नेऊ नये, टेम्पोतून न्यावी.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर अजून काही घरांत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी काळा ओलसरपणा येणे स्वाभाविक आहे. मिश्रणात 2टी ऑइलचे प्रमाण जास्त झाले असेल तर तो वाढतो, एवढेच.

धूर लपवण्यासाठी नेहमीच्या 10डब्ल्यू-30 दर्जाच्या ऑइलऐवजी जाड ऑइल घालण्याचा सल्लाही मिळतो. त्याने काही दिवस धूर कमी दिसेल, पण सुरुवातीच्या क्षणी ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची झीज वाढते. तसेच गॅस्केटवर शेलॅक किंवा सिलिकॉन भरमसाट लावू नये. आत सुटलेला तुकडा ऑइलची वाट बुजवतो.

रिंगा खरोखरच गेल्या असतील, तर गॅरेजमध्ये बोअरचे माप घ्यायला सांगावे. बोअर लंबगोल झाला असेल तर त्यात नुसत्या नव्या रिंगा टिकत नाहीत. बोअर घासून मोठा करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासली का, हेही विचारावे. गाडी परत मिळाल्यावर पहिले काही शे किलोमीटर सतत एकाच वेगाने किंवा पूर्ण रेस देऊन चालवू नये, पहिले ऑइल लवकर बदलावे, आणि दर आठवड्याला डिपस्टिकची पातळी तारीख व किलोमीटरसह वहीत लिहून ठेवावी. दुरुस्ती लागू पडली की नाही, हे त्या नोंदींवरूनच कळेल.