किडनी दुखत नाही

नमस्कार. दुर्मीळ ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, किडनीचं काय होतं, हा आजचा विषय. सुरुवात मी लघवीच्या एका थेंबापासून करतो.

ताजी लघवी, साधारण १० मिलिलिटर, परीक्षानळीत घ्यायची आणि पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. वरचं पाणी ओतून टाकायचं, तळाला बसलेला गाळ हलवायचा, त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रक्त मूतखड्यामुळे किंवा मूत्राशयातून आलं असेल तर तांबड्या पेशी गोल, गुळगुळीत, एकसारख्या दिसतात. किडनीच्या गाळणीतून आलेल्या पेशींची अवस्था वेगळी असते. त्या फाटलेल्या जाळीतून पिळवटून बाहेर पडलेल्या असतात. एखादीला बाजूने फुगवटे आलेले, एखादीची कड चुरगळलेली. आणि कधी कधी नजरेस पडतो तो कास्ट. किडनीतल्या बारीक नळीत प्रथिनांचा गोळा थिजतो, तांबड्या पेशी त्यात अडकतात आणि नळीच्याच आकाराची विटकरी रंगाची कांडी तयार होऊन लघवीत येते. अशी एक जरी कांडी दिसली तरी रक्तस्राव किडनीच्या आतच चालू आहे हे नक्की. लघवी दोन-चार तास पडून राहिली की या कांड्या विरघळतात, म्हणून ताज्या लघवीचा आग्रह.

ही तपासणी स्वस्त आहे, जुनी आहे आणि होत नाही. माझ्याही हातून राहिली आहे. मी नवखा असताना पन्नाशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. नाकात रक्ताळलेल्या खपल्या, एक कान गच्च, सांधे दुखतात, संध्याकाळी बारीक ताप. त्याआधी त्यांना सायनस म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स देऊन झाले होते. मी सांध्यांच्या तपासण्या लिहिल्या, छातीचा एक्स-रे लिहिला, आणि लघवीची तपासणी लिहायची राहिली. साडेतीन आठवड्यांनी ते पाय सुजून परत आले तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ६.८ वर चढलं होतं. त्या साडेतीन आठवड्यांचा हिशेब मी आजही स्वतःशी मांडतो. त्यांना किडनीच्या जागी एकदाही दुखलं नव्हतं. दुखणारही नव्हतं. मूतखडा दुखतो, जंतुसंसर्ग दुखतो. गाळणीचा दाह बहुतेक वेळा मुकाट्याने होतो.

प्रतिकारशक्ती बिघडली की किडनीच का सापडते? प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो आणि दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव तिथे गाळला जातो. म्हणजे रक्तात जे काही फिरतं, चांगलं आणि वाईट, ते या जाळीवर दाबाने येऊन आदळतं. शरीराने चुकून स्वतःविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी, त्यांची गुठळलेली संयुगं, चवताळलेल्या पांढऱ्या पेशी, सगळं तिथूनच जातं.

दाह कोणत्या प्रकारचा आहे हे बायोप्सीत दिसतं. किडनीचा बारीक तुकडा घेऊन त्यावर चमकणारं रसायन लावतात. जिथे अँटीबॉडी चिकटलेली असेल तिथे अंधारात हिरवा उजेड दिसतो. ल्युपस या ऑटोइम्यून आजारात हा उजेड रवाळ असतो, जाळीवर कुणी रवा भुरभुरावा तसा, कारण अँटीबॉडीचे पुंजके तिथे साचलेले असतात. गुडपाश्चर आजारात जाळीच्या कडेकडेने अखंड, सरळ रेघ उमटते. आणि एएनसीए व्हॅस्क्युलायटिस नावाच्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारात जाळी फाटलेली, भोवती पेशींची चंद्रकोर साचलेली, पण उजेड जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं की नमुना खराब झाला. नमुना उत्तम असतो. हल्ला अँटीबॉडी साचून झालेला नसतो. अँटीबॉडीने चिथावलेल्या पांढऱ्या पेशींनी येऊन केलेला असतो.

त्या सरळ रेघेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. १९१९ साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १८ वर्षांच्या एका मुलाची नोंद लिहिली: फुप्फुसात रक्तस्राव आणि किडनीचा दाह, दोन्ही एकत्र. या जोडीला त्याचं नाव मिळालं ते १९५८ मध्ये. पुढे १९६७ मध्ये एक निर्णायक प्रयोग झाला. रुग्णांच्या किडनीला चिकटलेल्या अँटीबॉडी सोडवून माकडांना टोचल्या आणि माकडांच्या किडन्या तशाच बिघडल्या. अँटीबॉडी हा नुसता साक्षीदार नाही, गुन्हा तोच करतो, हे त्यातून कळलं. त्याचं लक्ष्य आहे चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचा, म्हणजे आधार देणाऱ्या प्रथिनाचा, एक विशिष्ट भाग. तो किडनीच्या जाळीत असतो आणि फुप्फुसाच्या पातळ पडद्यातही असतो, म्हणून दोन्हीकडून रक्त. फुप्फुसातला तो भाग एरवी झाकलेला असतो. धूम्रपानाने तो उघडा पडतो, म्हणून खोकल्यातून रक्त पडण्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. दहा लाखांत वर्षाला जेमतेम एखाद्याला होणारा हा आजार, पण घड्याळ लावून काम करतो. डायलिसिस लागण्याआधी रुग्ण हाती आला तर रोज प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलून ती अँटीबॉडी काढून टाकता येते, सायक्लोफॉस्फमाइड आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन नवी बनणं थांबवता येतं, आणि किडनी वाचण्याची आशा चांगली असते. डायलिसिस लागून, लघवी बंद होऊन आला तर ती किडनी क्वचितच परत मिळते. दोघांमधलं अंतर कधी कधी आठवड्याभराचं असतं.

एएनसीए व्हॅस्क्युलायटिस तुलनेने जास्त दिसतो, आणि माझे ते गृहस्थ त्यातलेच. १९५८ च्या एका आढाव्यात उपचाराशिवाय या गटातल्या एका आजाराच्या रुग्णांचं सरासरी आयुष्य पाच महिने निघालं होतं. १९७० च्या दशकात सायक्लोफॉस्फमाइड आणि स्टेरॉइड एकत्र वापरायला लागले आणि चित्र पालटलं. १९८५ मध्ये त्यामागची एएनसीए ही अँटीबॉडी आजाराशी जोडली गेली, म्हणजे रक्ताची तपासणी हाती आली. आज रिटुक्सिमॅब आहे, आणखीही औषधं आली आहेत. पण पहिल्या वर्षात रुग्ण दगावतात ते बरेचदा जंतुसंसर्गाने, म्हणजे आमच्याच औषधांच्या सावलीत. २०२० मध्ये सातशेहून थोड्या जास्त रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात सहा महिन्यांतला स्टेरॉइडचा एकूण डोस निम्म्याच्या आसपास आणला, तरी मृत्यू किंवा कायमचं डायलिसिस वाढलं नाही, आणि गंभीर संसर्ग कमी झाले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. स्टेरॉइडने सुजलेला चेहरा आणि ठिसूळ झालेली हाडं घेऊन वर्षानुवर्षं येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाचवलं आम्हीच, आणि तेवढं स्टेरॉइड कदाचित लागतही नव्हतं.

लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीने सगळंच कळतं, असं मात्र समजू नका. श्योग्रेन आजारात डोळे आणि तोंड कोरडं पडतं हे पुष्कळांना माहीत असतं. किडनीत तो गाळणीला सहसा हात लावत नाही, पुढच्या नळ्यांना लावतो. मग प्रथिनं फारशी जात नाहीत, रक्त जात नाही, पट्टीवरचे प्रथिनांचा आणि रक्ताचा हे दोन्ही चौकोन स्वच्छ. पण नळ्यांना आम्ल बाहेर टाकता येत नाही आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. एक बाई पहाटे उठल्या आणि त्यांना पाय उचलता येईना. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. रक्तातलं पोटॅशियम निघालं अवघं १.८, पाय त्यानेच लुळे पडले होते. त्याच पट्टीवर पीएचचा एक चौकोन असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. रक्त आम्लधर्मी झालेलं असताना त्यांच्या लघवीचा पीएच ७ होता, म्हणजे आम्ल बाहेर पडतच नव्हतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, आठ वर्षं वाटतंय, पण पायांचा आणि डोळ्यांचा काय संबंध?

आयजीजी४ आजाराबद्दल इतकंच सांगतो, की तो कर्करोगाचं सोंग घेतो. किडनीत गाठी दिसतात, शस्त्रक्रियेची तयारी होते, आणि बायोप्सीत निघतो स्टेरॉइडला झटकन दाद देणारा दाह. आणि अटिपिकल एचयूएसमध्ये रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची जुनी संरक्षक साखळी बेलगाम होते: प्लेटलेट उतरतात, तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत चिरल्या जातात, किडनी बंद पडते. २०११ पासून त्यासाठी एक्युलिझुमॅब आहे. ते औषध साखळीचं शेवटचं टोक बंद करतं, आणि मेनिंगोकोकस जंतूंशी लढायला तेच टोक लागतं, म्हणून त्याची लस घेतल्याशिवाय किंवा अँटिबायोटिकचं कवच दिल्याशिवाय ते सुरू करायचं नाही.

शेवटी स्क्लेरोडर्माबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे आमचा नेहमीचा हात उलटा पडतो. या आजारात त्वचा ताठर होत जाते. पहिल्या काही वर्षांत, त्वचा भराभर आवळत असताना, काहींचा रक्तदाब अचानक उसळतो आणि दिवसांत किडनी बंद पडते. इथे सांध्यांच्या दुखण्यासाठी दिलेलं मोठ्या डोसचं स्टेरॉइडच हे संकट ओढवू शकतं. इतर आजारांत ज्याच्यावर भिस्त, तेच इथे जपून. एके काळी या संकटातून जवळजवळ कुणी वाचत नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल आलं, आणि रक्तदाबाच्या या गोळीने ते चित्र बदललं. गोळी सुरू केली की क्रिएटिनिन आणखी चढू शकतं. डॉक्टरांचा हात ती थांबवायला शिवशिवतो. थांबवायची नाही.

माझ्याकडे अशा एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या. रक्तदाब १९०/११०, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे धुरकट. बोटं इतकी ताठर की कागदाचा कप धरता येत नव्हता. गोळीचा डोस रोज वाढवत नेला, रक्तदाब आटोक्यात आला, पण किडनी थांबली आणि डायलिसिस सुरू करावं लागलं. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्याच आठवड्यात किडनी द्यायला तयार होऊन आला. मी त्याला थांबायला सांगितलं. तो रागावला, आणि त्याच्या जागी मीही रागावलो असतो. पण या आजारात डायलिसिसवर गेलेल्या पुष्कळ रुग्णांच्या किडन्या सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी दीड वर्षानंही पुन्हा चालू लागतात. तेवढं थांबल्याशिवाय दुसऱ्याची किडनी घ्यायची घाई करायची नसते.

आम्ही त्यांना घरी लघवी मोजायला सांगितली. चोवीस तासांची, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या मापात. बोटांनी पेन धरता येत नसे, म्हणून आकडे भाऊच वहीत लिहायचा. पहिले चार महिने शंभर-दीडशे मिलिलिटर. पाचव्या महिन्यात ४००. आठव्यात ९००, आणि डायलिसिस आठवड्यातून तीनदाचं एकदा झालं. अकराव्या महिन्यात ते बंद केलं. क्रिएटिनिन २.४ वर स्थिर आहे. गोळी मात्र अजून चालू आहे. डायलिसिस सुटलं म्हणून ती सोडायची नसते.