बांधावरचं पांढरं फूल

(दृश्य: सकाळ. सोलापूर जिल्ह्यातलं काळं रान, खरिपाचं सूर्यफूल.)

हे झाड जवळून पाहा. जेमतेम महिन्याचं आहे. शेंडा एका बाजूला वळलाय, देठावर काळ्या रेघा उतरल्यात, पान निम्मं करपलंय. इथे पाणी कमी पडलेलं नाही, खतही कमी पडलेलं नाही. हा नेक्रोसिस, झाड करपवणारा विषाणूचा रोग. इतक्या लवकर लागण झाली की बहुतेक झाडं मरतात. उशिरा झाली तर फूल वाकडं येतं आणि दाणे पोचट राहतात.

१९९७ साली कर्नाटकात बागेपल्लीला हा रोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला. कारण निघालं टोबॅको स्ट्रीक व्हायरस नावाचा विषाणू. तो रानात शिरतो कुठून, हे बघायला बांधावर जावं लागतं.

(दृश्य: बांध. गाजरगवताची पांढरी फुलं.)

हे गाजरगवत. विषाणू याच्या अंगात असतो, पण गवत हिरवंगार दिसतं, आजाराची खूणसुद्धा नाही. फुलं आली की पराग उधळतात, आणि विषाणू त्या परागातच असतो. काही पराग वाऱ्यानं येतात, काही फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून. फुलकिडा सूर्यफुलाचं कोवळं पान खरवडतो. त्या बारीकशा जखमेतून परागातला विषाणू आत जातो. एवढंच पुरतं. सूर्यफुलाच्या बियाण्यातून मात्र हा रोग येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बियाण्याला दोष देण्याआधी बांध बघायचा.

(दृश्य: प्रयोगाचा प्लॉट.)

मग रोगाला टिकणारं वाण तयार करायचं कसं? पैदासकार इथे रोग मुद्दाम वाढू देतात. कडेचं गाजरगवत उपटत नाहीत, मधूनमधून रोगाला पटकन बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात. लागण खरीच झाली का, हे चवळी सांगते. आजारी पानाचा रस चवळीच्या पानावर चोळला की काही दिवसांत करपट ठिपके उठतात. अशा रानात उभी राहून दाणा भरणारी झाडं निवडायची, आणि संकरित वाणासाठी ती सहनशीलता त्याच्या नर-मादी दोन्ही पालक वाणांत उतरवायची. रानटी सूर्यफुलांतही तिचा शोध घेतला गेला. पूर्ण प्रतिकार सहजी हाती लागत नाही. सहनशील वाणालाही लागण होते, फक्त ते पीक देऊन जातं. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढा आधारही मोठा आहे.

(दृश्य: रानाच्या कडेनं ज्वारीच्या ओळी.)

दुसरा आधार सोलापूरला नवा नाही: ज्वारी. सूर्यफूल पेरायच्या पंधरवडाभर आधी चारी बाजूंनी ज्वारीच्या तीन-चार ओळी दाट पेरायच्या. रोपं कोवळी असतात तेव्हा ज्वारी त्यांच्यापेक्षा उंच झालेली असते. परागही तिथेच अडतात, फुलकिडेही.

(दृश्य: बांधावर दोन बाया गवत उपटताना.)

त्यांच्या हातात हातमोजे आहेत, कारण या गवतानं अंगाला खाज सुटते. गवताला अजून फूल आलेलं नाही. म्हणूनच त्या आज आल्यात.