दलदलीतली एकच वाट: रस्ता की रूळ?

नमस्कार मंडळी! आपली नाशिक-पुणे रेल्वे आठवा. आधी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा मार्ग ठरला. मग खोडदची महादुर्बीण आडवी आली आणि लाईन शिर्डीकडून वळवायचं निघालं. संगमनेरवाले चिडले, जुन्नरवाले चिडले. नकाशावर रेघ बोटभर सरकली की एका गावात पेढे वाटतात, दुसऱ्या गावात मोर्चा निघतो.

आज अशीच एक रेघ बघू. कॅनडातली.

(नकाशा) हा ऑन्टॅरिओ प्रांत. थंडर बे शहराच्या ईशान्येला साधारण ५०० किलोमीटरवर हा पट्टा, 'रिंग ऑफ फायर'. नाव आगीचं, जमीन मात्र सगळी पाणथळ! २००७-०८च्या सुमारास इथे निकेल आणि क्रोमाइट सापडलं. क्रोमाइटमधून मिळतं क्रोमियम, आणि त्याच्याशिवाय स्टेनलेस स्टील होत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातली ताटं-वाट्या. माल आहे, पण बाहेर काढायला ना रूळ, ना बारमाही रस्ता. कडाक्याच्या थंडीत जमीन आणि नद्या गोठल्या की काही आठवडे बर्फावरून ट्रक चालतात. डिझेल, सिमेंट, जे काही जड असेल ते तेवढ्यात आणून टाकायचं. एरवी विमान.

बारमाही रस्ता का नाही? (बशी कॅमेऱ्यासमोर) हा भांडी घासायचा स्पंज, चिंब भिजवलेला. तिथली जमीन साधारण अशी आहे. हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेलं शेवाळ, त्याला पीट म्हणतात. आता ही पट्टी मधोमध दाबतो, हा आपला रस्ता. बशी जरा तिरकी करतो... बघा, वरच्या अंगाला पाणी तुंबलं. खालचा भाग सुकत जाणार, आणि पीट सुकलं की त्यात साठलेला कार्बन हवेत जाणार. म्हणून जागोजागी मोऱ्या हव्यात, भराव हवा, आणि त्या भरावाला लागणारी खडी आणायची कुठून, तर तीही दुरूनच.

पण या चिखलातून वाळूची एक उंच, चिंचोळी पट्टी जाते. कोरडी. सगळा तंटा तिच्यावरून.

केडब्ल्यूजी नावाच्या कंपनीने रेल्वेसाठी या पट्टीवर ओळीने खाणहक्काच्या खुंट्या ठोकल्या. खाण खणायची नव्हती, लाईन टाकायची होती! अमेरिकेच्या क्लिफ्स कंपनीला तिथूनच नाकिनाच्या रेल्वेपर्यंत साधारण ३४० किलोमीटरचा रस्ता हवा होता. प्रकरण खाण आयुक्तांकडे गेलं. २०१३मध्ये क्लिफ्सला वाट नाकारली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी काम थांबवलं. वाटेचा वाद हे एकमेव कारण नव्हतं, पण माझ्या मते मोठं होतं.

मग बरोबर कोण, रस्तेवाले की रूळवाले? लासलगावात विचारा. चार ट्रक कांदा असेल तर कोणी रेक मागवत नाही. चाळीसएक वाघिणी भरण्याइतका माल रोज असेल तरच रूळ परवडतो, कारण पहिला टन निघायच्या आधीच सगळा पैसा जमिनीत गेलेला असतो. निकेलचं खनिज खाणीवरच दळून, माती वेगळी करून थोडक्यात आणता येतं, त्याला ट्रक पुरतात. क्रोमाइट ढिगाने न्यावं लागतं, तिथे रूळ जिंकतो. मी असतो तर निकेलपासून, म्हणजे रस्त्यापासून सुरुवात केली असती.

पण 'मी असतो तर' म्हणणारा मी कोण? तिथे मूळनिवासींची गावं आहेत. मार्टेन फॉल्स आणि वेबेक्वी यांनी रस्त्यांच्या पर्यावरण तपासणीचं काम स्वतःच हातात घेतलंय. वेबेक्वीचा रस्ता १०७ किलोमीटरचा. शेजारच्या नेस्कांटागाचा मात्र विरोध आहे, नदी आमची, आम्हाला विचारल्याशिवाय ओलांडायची नाही म्हणतात. याच नेस्कांटागात १९९५ साली आदेश निघाला, नळाचं पाणी उकळून प्या. तीस वर्षं झाली तरी तो आदेश उठला नव्हता. खाणीच्या रस्त्याची फाइल मात्र टेबलावरून टेबलावर पळतेय.