घागर विहिरीवरच राहिली

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. सुखार गाव, याकोबाची विहीर, भर दुपार, दमून बसलेला येशू आणि पाणी भरायला आलेली शमरोनी स्त्री. या अध्यायावर मी किती संदेश दिले असतील, त्याची मोजदाद नाही. पण त्यातल्या आठव्या वचनाकडे माझं बरीच वर्षं लक्षच गेलं नव्हतं. शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले होते, एवढंच ते वचन सांगतं. म्हणजे बघा, शिष्य त्याच गावात गेले, तिथल्या लोकांशी व्यवहार केला आणि अन्न घेऊन परत आले. आपला गुरू विहिरीवर बसला आहे, असं त्यांनी गावातल्या कुणाला सांगितल्याचा उल्लेख नाही. आणि ती बाई? ती घागर तिथेच टाकून त्याच गावात गेली आणि माणसांची रीघ घेऊन परतली.

मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांना, सुवार्तेची, म्हणजे येशूची शुभवार्ता इतरांना सांगण्याची, ओढ कशी लागेल, असा विषय आज मला दिलाय. माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. आपली मंडळी रोज गावात जातेच: कामावर, बाजारात, दवाखान्यात, मुलांना शाळेत सोडायला. तिथल्या माणसांना ती नावानं ओळखते. प्रश्न एवढाच आहे की ती तिथून फक्त अन्न घेऊन परत येते.

आपण पाळक आणि वडील मंडळी यावर काय करतो? सुवार्ता सप्ताह ठरवतो. मंडप, पत्रकं, बाहेरून आलेला वक्ता. मीही हे अनेक वर्षं मनापासून केलं, आणि त्यातून काही जण प्रभूकडे आलेही, त्याबद्दल देवाचे आभार. पण सप्ताह संपला की खुर्च्यांबरोबर सुवार्ताही आवरून ठेवली जायची. मंडळी त्यातून एकच गोष्ट शिकली: सुवार्ता सांगणं हे वक्त्याचं काम, आपलं काम खुर्च्या लावण्याचं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तर नेमकं उलट आहे. सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला.

प्रेषितांची कृत्ये काढा. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या मृत्यूनंतर यरुशलेमात छळ सुरू झाला आणि सगळ्यांची पांगापांग झाली. 'प्रेषितांखेरीज', म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांखेरीज, सगळ्यांची, हे तिथे मुद्दाम नोंदवलेलं आहे. म्हणजे त्या वेळी यहूदिया आणि शमरोनात वचन घेऊन गेली ती साधी माणसं. पुढे अकराव्या अध्यायात कुप्र आणि कुरेने इथले काही जण अंत्युखिया शहरात ग्रीक लोकांशी येशूविषयी बोलू लागले. त्यांची नावंसुद्धा शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाहीत. यरुशलेमच्या मंडळीच्या कानावर ही बातमी मागाहून गेली आणि मग तिने बर्णबाला पाठवलं. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच अंत्युखियात. मला तर हे वाचताना फार धीर येतो.

आता थोडं कठीण बोलतो. मी एका मंडळीत पाळक असताना एक तरुण सलग तीन रविवार उपासनेला आला. शेवटच्या बाकावर बसायचा. गीतपुस्तक हातात धरायचा, पण कोणतं गीत चाललंय ते त्याला सापडायचं नाही आणि शेजारचं कुणी काढून द्यायचं नाही. तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी बोललं. वाक्य होतं, "ही आमची जागा आहे, जरा सरकता का?" चौथ्या रविवारी तो आला नाही. मी हे सगळं समोरून पाहत होतो. उपासना संपल्यावर दाराशी उभा राहून ओळखीच्यांशी हात मिळवण्यात माझा वेळ जायचा. त्याचं नाव मीही विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

म्हणून आधी दार बघा. नवा माणूस आला तर त्याला गीत कोण काढून देणार, त्याच्याशेजारी कोण बसणार, बुधवारी त्याची चौकशी कोण करणार? हे ठरलेलं नसेल तर बाहेर जाऊन बोलावण्यात काय अर्थ आहे?

दुसरं आपल्या भाषेचं. आमच्या एका भगिनीने शेजारणीला मोठ्या प्रेमाने विचारलं, "तुमचं तारण झालंय का?" तिला म्हणायचं होतं, पापातून सुटका झाली का. शेजारीण गोंधळली. तिच्या माहितीत तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेलं सोनं. तिची काय चूक? अभिषेक, साक्ष, नवा जन्म हे शब्द आपल्याला आईच्या दुधासारखे आहेत, बाहेरच्या माणसाला त्यातून भलताच अर्थ लागतो. त्या भगिनीला मी म्हटलं, तुमच्या आजारपणात तुम्हाला रात्र रात्र झोप नव्हती, तेव्हा प्रभूने काय केलं ते सांगा. ते ती तासभर सांगू शकली. शमरोनी स्त्रीनेही एवढंच केलं. हाच तो ख्रिस्त असेल का, असं तिने गावाला विचारलं. उत्तर लोकांनी स्वतः येऊन शोधलं.

आणि विचारणाऱ्याला उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या, असं पेत्र सांगतो. दबाव, आमिष, दुसऱ्याच्या श्रद्धेची निंदा यांना तिथे जागाच नाही. सेवेचंही तसंच. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. आजाऱ्याला डबा द्यायचा तो त्याला भूक आहे म्हणून. तो उपासनेला आला नाही म्हणून डबा बंद झाला, तर आपण दिली ती सेवा नव्हती, सौदा होता.

मंडळीत भांडणं असतील तर आधी ती मिटवा. जर्मनीत सॅक्सनीमधल्या हेर्नहुटला, काउंट झिंझेंडॉर्फ या ख्रिस्ती जमीनदाराच्या जमिनीवर आश्रयाला आलेली माणसं आपापसात इतकी भांडत होती की वस्ती मोडायची वेळ आली. ऑगस्ट 1727 मध्ये त्यांचा समेट झाला. त्याच महिन्यात 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी तास वाटून घेऊन रात्रंदिवस प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षांहून अधिक चालली. 1732 मध्ये त्यांच्यातले दोघे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे सुवार्ता घेऊन जायला निघाले. एक कुंभार, एक सुतार. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: समेट, प्रार्थना, मग पाऊल. आपण बहुतेकदा पाऊल आधी टाकतो, आणि तेही वर्गणी गोळा करून.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत हिशेब वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारून बघा. मंडळीत नसलेल्या कुणाबरोबर या महिन्यात आपल्यापैकी कोण जेवलं? लेवीने येशूच्या मागे जायचं ठरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर जुन्या जकातदार सोबत्यांना घरी जेवायला बोलावलं. आपल्याकडे माणूस विश्वासात आला की वर्षभरात त्याचे जुने मित्र सुटतात. आपणच त्याला आठवड्याचे पाच दिवस सभांमध्ये गुंतवतो. दोन सभा कमी करा. त्याची संध्याकाळ त्याच्या मित्रांसाठी मोकळी राहू द्या.

आता मागच्या बाकांवरून कोरे कागद पुढे येतील. प्रत्येकाने तीन नावं लिहायची. जगाचं तारण वगैरे नको, तीन माणसं, ज्यांना तुम्ही या आठवड्यात खरोखर भेटणार आहात. कागद गोळा करायचे नाहीत, ते तुमच्या शास्त्रातच ठेवायचे. लिहायला पाच मिनिटं आहेत. तोवर मी गप्प बसतो.