टिपूच्या शेपटीवरून टाकलेलं पाऊल

मागच्यांना ऐकू येतंय ना? माझा आवाज आता एवढाच निघतो, मला वाटतं मी मोठ्यानं बोलतोय आणि घरचे म्हणतात पुटपुटू नका. इथल्या शुभार्थींना, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार असलेल्यांना, हे वेगळं सांगायला नकोच.

विषय ठरलाय तो पाळीव प्राणी निवडायचा कसा आणि सांभाळायचा कसा. त्यावर येतो, पण आधी मनात साचलेलं बोलू द्या. आजाराचं निदान झालं त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, घरात कुत्रा आहे? म्हटलं आहे. म्हणाले देऊन टाका, पायात येईल, पडाल. संपला विषय. पडण्याची भीती खरीच आहे, आपल्यातल्या किती जणांचं हाड मोडलंय, पण तो कुत्रा माझा कोण लागतो हे एका शब्दानं विचारू नये? मला त्या बोलण्याचा अजून राग येतो.

डॉक्टर पार्किन्सन साहेबांनी १८१७ मध्ये या आजारातली थरथर आणि पुढे झुकलेली चाल लिहून ठेवली, आणि आज दोनशे वर्षांनीही लोकांना थरथरच तेवढी माहीत. चेहरा गोठतो ते कुणाच्या लक्षात येत नाही. नातू लांबूनच विचारतो, आजोबा चिडलेत का? अरे मी आतून हसत असतो रे! टिपूला, माझ्या कुत्र्याला, असला प्रश्न पडतच नाही, तो येतो आणि सरळ गुडघ्यावर डोकं टेकवतो.

आता उंबरठ्याची गोष्ट. गोळीचा असर उतरत आला होता, दारातच पाय जमिनीला खिळले, पुढे जायचंय पण पाय उचलेना. टिपू पुढे गेलेला, तो वळला आणि माझ्या पायापुढे आडवा बसला, शेपटी पसरून. शेपटीवर पाय पडू नये एवढाच विचार मनात आला आणि पाय उचलला गेला की हो! (डॉक्टर असते तर म्हणाले असते, बघा, आला ना पायात.) नंतर फिजिओथेरपिस्टनी उलगडून सांगितलं, डोपामिन, म्हणजे मेंदूतलं हालचालीसाठी लागणारं रसायन, कमी पडल्यामुळे आपोआप चालणं अडतं, पण समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय हलवतो. काही कुत्र्यांना तर पाय अडकला की त्यावर पंजा ठेवायला मुद्दाम शिकवतात. पण तुम्ही मात्र कुत्रा ओलांडू नका हं, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा, मी तेच केलंय.

पाचच मिनिटं राहिली म्हणतायत, तर भराभर. ओढणारं दांडगं पिल्लू आणू नका, शांत मोठं कुत्रं बरं. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. फिरायला गोळीचा असर चांगला असतानाच निघा. कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, रात्री उठताना आधी दिवा लावा, पाण्याचं भांडं वाटेत नको. हातातून गोळी पडली तर लगेच शोधा, प्राण्यांच्या पोटात जायला नको. मांजर मांडीवर बसतं, फिरवायला लागत नाही, पण रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर नखांना जपा. आणि शुभंकरांना, म्हणजे आपली काळजी घेणाऱ्यांना, विचारल्याशिवाय काही आणू नका, आंघोळ घालणं, घाण काढणं शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतं. तुम्हाला अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर प्राणी कुणाकडे राहील तेही आजच ठरवून ठेवा.

आता प्रश्न विचारा. मांजरवाले आधी, तुम्हाला मी एकच वाक्य दिलं.