सावजीचं तिखट येतं कुठून?

[दृश्य : नागपूरचा गोळीबार चौक, दुपारची वेळ. सावजी भोजनालयातलं पातेलं.]

हा रस्सा नीट बघा. वर लाल तवंग आहे. पळीनं तो जरा बाजूला सारला की खाली रस्सा काळपट दिसतो. सावजीचं नाव निघालं की बाहेरगावचा माणूस म्हणतो, "बापरे, किती मिरची!" मिरची आहेच. पण हा काळपट रंग मिरचीचा नाही. तो भाजून वाटलेल्या मसाल्याचा आहे आणि त्या मसाल्यात काळे मिरे आहेत. जिभेवर आधी झणका देते ती मिरची. घास गिळल्यावर घशात रेंगाळतो तो मिऱ्यांचा जाळ. या जाळाचं श्रेय आजवर एकटी मिरची घेत आली. आज आपण मिऱ्यांची बाजू ऐकू.

हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं. तांडापेठ, गोळीबार चौक अशा विणकर वस्त्यांमध्ये ते घराघरांत शिजायचं. धणे, शहाजिरं, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, लवंग, मिरे हे सगळं भाजायचं आणि पाट्यावर वरवंट्यानं वाटायचं. तेल जवसाचं. मटणाबरोबर खूर आणि सुंदरी, म्हणजे बकऱ्याची आतडी. वाया काही जाऊ द्यायचं नाही. अशा भागांच्या उग्र वासाला लाल तिखट पुरत नाही, त्याला मिऱ्यांसारखा सुगंधी मसालाच लागतो. पुढे हातमागाला उतरती कळा लागली तेव्हा अनेक कोष्टी कुटुंबांनी घरची चव खानावळीत आणली. तीच चव आता नागपूरची ओळख झाली आहे. मांसाहार न करणाऱ्यांसाठी त्याच रश्श्यात पाटोडी येते आणि खरं सांगायचं तर ती मटणाला हार जात नाही.

[दृश्य : मे महिना. ओस पडलेला रस्ता, डोक्याला दुपट्टा बांधलेला दुचाकीस्वार.]

मिरचीत कॅप्सेसिन असतं, मिऱ्यांत पायपरिन. दोन्ही द्रव्यं वेगळी, पण दोघांचं लक्ष्य एकच. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राही असतो. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता लागली की तो मेंदूला 'भाजतंय' असा निरोप पाठवतो. कॅप्सेसिन आणि पायपरिन त्याच ग्राहीला जागं करतात. म्हणून तिखट ही पाच चवींसारखी चव नाही, ती भाजल्याची जाणीव आहे. कॅप्सेसिनच्याच मागावर राहून डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हा ग्राही शोधला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे इथली नुसती हवाच त्या आकड्याच्या पुढे असते. त्यावर सावजी खाल्लं की घाम फुटतो आणि घाम सुकताना अंग थंडावतं. तोंडाची आग मात्र पाण्यानं विझत नाही, कारण ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत. दही किंवा दूध घ्या.

मिरे ही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची वेल. झाडाच्या आधारानं चढते. तिला भरपूर पाऊस लागतो आणि दमट सावली लागते. हिरवे घोस तोडून उन्हात वाळवले की साल काळी पडते, सुरकुतते. तेच फळ पिकू दिलं आणि भिजवून त्याची साल काढली, की पांढरे मिरे. नागपूरच्या कोरड्या हवेत ही वेल रुळत नाही. कोष्ट्याच्या पाट्यावर आलेला प्रत्येक मिरा लांबून आला.

आणि मिरची? ती तर समुद्रापलीकडची. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता भारतातल्या मसाल्यांच्या शोधात. पोचला अमेरिकेत आणि तिथल्या तिखट शेंगांना त्यानं मिऱ्यांचंच नाव देऊन टाकलं. इंग्रजीत म्हणूनच आजही काळे मिरे, हिरवी मिरची आणि ढोबळी मिरची हे सगळं 'पेपर'. आपणही तिला मिऱ्यांवरूनच मिरची म्हणालो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती इथं आणली. मिऱ्यांची वेल फळायला काही वर्षं घेते, मिरची काही महिन्यांत परसात लागते. पाहुणी म्हणून आली आणि मिऱ्यांच्याच डोक्यावर मिरे वाटून बसली.

[दृश्य : उमरेडच्या पुढे, भिवापूर. वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पसारा.]

तरी तिला परकी म्हणायला जीभ धजत नाही. इथल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रंग गडद लाल, तिखटाला नाव ठेवायला जागा नाही. पण संकरित वाणांनी तिचं रान बरंच खाल्लं. मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागी, बायका दिवसभर बसून देठ खुडतात. त्यांच्या बोटांची आग साबणानंही लवकर जात नाही. पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं वेगळीच. तर्री पोह्यांवरचा तो सुंदर लाल थर या हातांतून येतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तिसरी एक वस्तू आहे, आणि ती विदर्भात पिकते. पिंपळी. अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी, अकोला जिल्ह्यातलं अकोट, या भागात बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांच्या जोडीनं तिचं पीक घेतात. तिथं तिला पानपिंपरी म्हणतात. मिरे, पिंपळी आणि रामटेकच्या मळ्यातली विड्याच्या पानाची वेल ही तिन्ही एकाच कुळातली भावंडं. मिरचीचं या कुळाशी नातं नाही, ती वांग्या-टमाट्याच्या घरातली. जगभर फिरलेला 'पेपर' हा शब्दसुद्धा निघाला तो संस्कृतातल्या पिप्पलीपासून. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं बाजारभाव लिहून ठेवले आहेत. पौंडाला काळे मिरे ४ दिनार, पांढरे ७ आणि पिंपळी १५! सगळ्यात महाग पिंपळी. आणि आज ती आपल्या स्वयंपाकघरात उरली कुठं? सुंठ आणि मिऱ्यांबरोबर त्रिकटू चूर्णात. बाळंतिणीच्या लाडवात तिचं मूळ, पिंपळमूळ. बाकी माल औषधवाल्यांकडे जातो. सुपीक मळा, मेहनती शेतकरी, दोन हजार वर्षांचं नाव, आणि घरच्याच ताटात तिला जागा नाही, याचं वाईट वाटतं.

[दृश्य : इतवारी, मस्कासाथ. किराण्याची पोती.]

खरेदीला आलात तर मिरे अख्खेच घ्या. दळलं की त्यांचा सुगंध उडून जातो, मागे नुसतं तिखट उरतं. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात. थोडे मिरे पाण्यात टाका. भरीव मिरे तळाशी बसतात, पपईची बी वर तरंगते. तरंगलेला दाणा हातात घेऊन पाहा. मिरा गोल, पपईची बी लांबट आणि पोचट.

पिंपळी किराण्यात दिसली नाही, तर जडीबुटीच्या दुकानात विचारा. करड्या काळसर रंगाची, बारीक कणसासारखी असते. घरच्या रश्श्याचा मसाला भाजताना मिऱ्यांबरोबर दोन-तीन टाका. आधी गोडसर लागेल. मग जाळ येईल, मिऱ्यांपेक्षा उशिरा, पण जास्त वेळ टिकणारा.